दिव्याची धग, अंगाची ऊब

महूची छावणी वसली ती १८१८ साली. महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, मंदसोरचा तह झाला आणि इंदुराजवळ इंग्रजी फौजेने कायमचा तळ दिला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, बर्लिन येथे टोमास सेबेक या शास्त्रज्ञाने दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक कडे केले, त्याचा एक सांधा तापविला, आणि जवळच ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. या दोन घटनांचा त्या काळी काडीइतकाही संबंध नव्हता. तो पुढे जडला. १९४६ मध्ये लष्कराच्या संदेशदलाचे विद्यालय महूस स्थापन झाले. १९६७ पासून ते लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. संदेशयंत्र पाठीवर घेऊन चालणाऱ्या शिपायाला यंत्राइतकीच चिंता असते ती बॅटरीची. ती वाहून न्यावी लागते, आणि संपते ती नेमकी वस्तीपासून दूर असताना. त्या शिपायाच्या अंगात ऊब असते, त्याच्या चुलीत विस्तव असतो. त्या उष्णतेतून यंत्रापुरती वीज निघेल काय, हा प्रश्न सेबेकच्या त्या सुईपाशीच सुरू होतो.

गंमत अशी की, ही वीज आहे हे खुद्द सेबेकला मान्य नव्हते. उष्णतेने धातूत चुंबकत्व येते, असाच त्याचा आग्रह होता. त्याच्या शोधाचा पहिला खरा उपयोग केला तो गेओर्ग ओमने. रासायनिक घटांचा जोर सारखा ढळत असे म्हणून १८२६ मध्ये त्याने तांबे व बिस्मथ यांच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे वितळत्या बर्फात ठेविले. त्यातून मिळालेल्या स्थिर प्रवाहावरच त्याला आपला प्रसिद्ध नियम बसविता आला. प्रवाह स्थिर खरा, पण फारच क्षीण. पुढे १८७० नंतर पॅरिसमध्ये क्लामाँ याने गॅसच्या शेगडीभोवती असे सांधे रचून मुलामा देण्यापुरती वीज मिळविली. परंतु डायनॅमोपुढे तिचा टिकाव लागला नाही.

वाया जाणाऱ्या उष्णतेला तोटा कधीच नव्हता. त्याच सुमारास तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला. पाताळपाणीचा घाट धापा टाकीत चढणारी वाफेची इंजिने कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्साही कामी लावीत नसत. बाकीची धुराड्यातून विंध्याच्या हवेत जाई.

या विद्येला दुसरा जन्म मिळाला तो रशियात. लेनिनग्राडचे अब्राम योफे यांनी शुद्ध धातूंऐवजी अर्धसंवाहक वापरावे, असा आग्रह धरिला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पिछाडीस लढणाऱ्या गनिमी तुकड्यांसाठी एक पातेले तयार झाले. तळाशी सांधे बसविलेले, खाली शेकोटी, वर पाणी. जाळ एक बाजू तापवी. उकळते पाणी दुसरी बाजू शंभर अंशांवर जाऊ देत नसे. एवढ्या फरकावर संदेशयंत्र चाले, आणि पाणीही तापून निघे.

युद्ध संपल्यावर, १९५० नंतरच्या दशकात, हीच युक्ती खेड्यांतील रेडिओसाठी आली. रॉकेलच्या दिव्याच्या चिमणीवर एक नळकांडे बसवीत. त्याच्या आतल्या अंगास ज्योतीची धग लागे, बाहेरचे अंग धातूच्या पंखांमुळे खोलीच्या हवेत निवे, आणि मधल्या सांध्यांतून रेडिओपुरती वीज निघे. दिवा तर रात्री लावावयाचाच असे. रेडिओ त्याच्या फुकट जाणाऱ्या धगीवर बोले. विजेच्या तारा न पोहोचलेल्या घराला याहून शहाणा दिवा मिळाला असता असे मला वाटत नाही. आपल्याकडील बहुसंख्य खेडीही त्या काळी कंदिलावरच होती. पण तो दिवा आपल्या घरोघरी काही आला नाही. ट्रान्झिस्टर आला. दोन-चार सेलांवर महिनोन्महिने चालणाऱ्या रेडिओपुढे त्या नळकांड्याची गरजच उरली नाही.

परंतु ज्या ट्रान्झिस्टरने हा दिवा विझविला, त्यानेच या विद्येला तिसरा जन्म दिला. यंत्रांची भूक वॅटवरून मायक्रोवॅटवर, म्हणजे वॅटच्या दशलक्षांशावर आली. वीज फारशी वाढली नाही. गरज खाली उतरली. १९९८ मध्ये जपानच्या सेको कंपनीने मनगटाच्या उबेवर चालणारे घड्याळ विक्रीस आणिले.

मग अंगाच्या उबेवर सगळीच उपकरणे का चालत नाहीत? स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, हे खरे. पण त्वचा ३३ अंश व हवा २३ अंश असेल, तर निसर्गनियमाप्रमाणे शंभरांतील जेमतेम तीन वाटे विजेत बदलू शकतात; आणि तेही कागदावरच. त्वचा आणि भोवतालची स्तब्ध हवा याच मुळात उष्णता अडवितात. त्यामुळे दहा अंशांच्या फरकापैकी एखाददुसरा अंशच उपकरणाच्या दोन बाजूंना लाभतो.

महूचा वैशाख येथे आठवावा. माळव्याची रात्र थंडगार म्हणून नावाजलेली. पण दुपारी पारा चाळिशीवर जातो. तेव्हा हवाच अंगापेक्षा तापलेली असते. सकाळी बाहेर वाहणारी उष्णता आता उलटी आत येते, आणि तिच्याबरोबर विजेची दिशाही फिरते. दोन्ही दिशांची वीज घेणारी मंडले आहेत. परंतु सकाळ आणि दुपार यांच्यामधल्या वेळी हवा व त्वचा समान तापलेली असताना वीज शून्य, त्याला उपाय नाही. त्या तापमानात शरीराला निवविणारा एकटा घाम, आणि त्वचेवर चिकटविलेली पट्टी नेमकी त्यालाच अडविते.

महूजवळच सिमरोळ येथे इंदूरच्या आयआयटीचे आवार आहे. तेथील संशोधकांनी २०२५ मध्ये वेगळी वाट दाखविली: पाण्याच्या नुसत्या बाष्पीभवनावर चालणारी, ग्राफीन ऑक्साइड मिसळलेली पातळ पडदी. तीन सेंटिमीटर लांब व दोन सेंटिमीटर रुंद अशा तुकड्यातून पाऊण व्होल्टपर्यंत दाब मिळाला. तिला ऊन नको, विस्तव नको. पाणी मात्र हवे. आणि पाणी उडून जाण्याचा वेग सर्वांत अधिक असतो तो वैशाखातल्या कोरड्या दुपारीच.