सुतिया इतिहासाच्या उंबरठ्यावर

आसामचा इतिहास मराठी वाचकांना ठाऊक असतो तो बहुधा आहोम राजे आणि लाचित बडफुकन यांच्यामुळे. मात्र ब्रह्मपुत्रेच्या वरच्या खोऱ्यात आहोमांची सत्ता पसरण्याआधी सदिया ही सुतिया राजांची राजधानी होती. आहोम राजा सुहुंगमुंग याने १५२३-२४ मध्ये हे राज्य जिंकले आणि तिथे ‘सदियाखोवा गोहाईं’ हा अधिकारी नेमला. अनेक ग्रंथांत सुतियांची कथा इथेच आटोपते. आमच्या मते ती इथे संपत नाही.

वाचकांनी आधी साधनांचा स्वभाव ओळखावा. आहोमांच्या बुरंजी, म्हणजे राजवृत्तांत, मोलाच्या आहेत, पण त्या जेत्यांच्या दरबारात लिहिल्या गेल्या. आपल्या बखरी वाचताना जी सावधगिरी बाळगतो, ती इथेही हवी. त्यांच्या जोडीला सत्यनारायण, लक्ष्मीनारायण, धर्मनारायण या सुतिया राजांचे भूमिदानाचे ताम्रपट ठेवावेत. ताम्रेश्वरी मंदिराचा १४४२ चा लेख तर आवर्जून पाहावा. देवळाभोवती विटांचा तट बांधल्याची नोंद त्यात संस्कृतात आहे; पूजा मात्र देउरी जमातीच्या पुजाऱ्यांच्या हाती होती आणि देवीला लोक केचाइखाती म्हणत. राजाश्रयाचा संस्कृत धर्म आणि जमातीची उपासना एकाच आवारात कशी नांदत होती, हे इथे दिसते.

अरुणाचल प्रदेशातील रोइंगजवळच्या भीष्मकनगरचे अवशेष अभ्यासक सुतिया राजवटीशी जोडतात. स्थानिक परंपरेत ती रुक्मिणीच्या पित्याची राजधानी. कौंडिण्यपूरला रुक्मिणीचे माहेर मानणाऱ्या आपल्याला हे ऐकून नवल वाटेल. पण खरे माहेर कोणते, या वादात अडकू नका. भाजलेल्या विटा एका काळाविषयी सांगतात, कथा लोकांच्या श्रद्धेविषयी. दोन्हींना आपापल्या जागी मान द्यावा.

राज्य गेले तरी सुतिया कारागीर आहोम राज्यात कामाला आले, देउरींनी आपली पूजापरंपरा जपली आणि आहोमांना शरण न जाता चंद्रगिरी डोंगरावरून उडी घेणारी सुतिया राणी साधनी लोकस्मृतीत राहिली. आजही आसामात २१ एप्रिलला साधनी दिवस पाळला जातो. म्हणून केवळ राजांच्या वंशावळीत हा समाज शोधू नका. देवळे, कारागिरी, सण आणि आजच्या सुतिया कुटुंबांच्या आठवणी यांनाही तितकेच महत्त्व द्या. असे वाचलेत, तर आसामचा परिचित इतिहासही तुम्हांला अधिक भरीव दिसेल.