लिअरी कॉन्स्टंटाइन : क्रीडालेखनाकडून वकिलीकडे

प्रस्तावना

वेस्ट इंडीजचे अष्टपैलू क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन (१९०१-१९७१) यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असलेच तर ते चपळ क्षेत्ररक्षक आणि आक्रमक फलंदाज म्हणून. क्रिकेटविषयी लिहून व आकाशवाणीवर बोलून त्यांनी काही वर्षे चरितार्थ चालविला आणि पन्नाशी ओलांडल्यावर बॅरिस्टरची सनद मिळविली, ही बाजू मात्र सहसा दुर्लक्षित राहते. त्यांच्या आयुष्यातील हे वळण वरवर पाहता उतारवयातील हौसेसारखे वाटते. वास्तविक, तारुण्यात वर्णामुळे बंद झालेले एक दार त्यांनी तीन दशकांनंतर उघडले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. प्रस्तुत लेखात या वळणाचा शोध घेतला असून महाराष्ट्रातील समांतर अनुभवाच्या प्रकाशात ते तपासले आहे.

कॉन्स्टंटाइन यांचा आपल्या प्रदेशाशी एक दूरचा संबंधही येतो. १९३४ च्या अखेरीस ते भारतात आले होते आणि सिकंदराबाद येथील मोईन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धेत फ्रीलूटर्स संघाकडून खेळले. चौसाळा ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो जिल्हा त्या वेळी निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे ज्या संस्थानाच्या भूमीवर हा खेळाडू उतरला, त्याच संस्थानाचे आपले पूर्वज प्रजाजन होते.

मुकादमाचा मुलगा आणि सॉलिसिटरची कचेरी

कॉन्स्टंटाइन यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०१ रोजी त्रिनिदाद बेटावर झाला. त्यांच्या मातुल घराण्याने गुलामगिरी प्रत्यक्ष भोगली होती. वडील लेब्रुन हे मराव्हल गावाजवळच्या कोकोच्या मळ्यावर मुकादम होते. (बीड जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.) लेब्रुन स्वतः नामांकित क्रिकेटपटू होते. १९०० च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी लॉर्ड्स मैदानावर शतक झळकाविले; इंग्लंडमध्ये वेस्ट इंडीजच्या खेळाडूने केलेले ते पहिले शतक होय. असे असूनही आपल्या मुलाने खेळावर अवलंबून राहू नये, अशी त्यांची इच्छा होती. १९१७ मध्ये शाळा सोडल्यावर लिअरी पोर्ट ऑफ स्पेन येथील एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. तेथे शिकता शिकता कायद्याच्या व्यवसायात शिरावे, असा हेतू होता. परंतु वसाहतीतील त्या व्यवसायात कृष्णवर्णीय मुकादमाच्या मुलाला वर चढण्यास वाव नव्हता. पाच वर्षे नकला करून आणि कागदपत्रे वाहून त्यांनी ती कचेरी सोडली.

पुढचा भाग क्रीडा-इतिहासात विस्ताराने आलेला असल्याने येथे थोडक्यात उल्लेख पुरे. जून १९२८ मध्ये लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध त्यांनी ८६ व १०३ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात ५७ धावांत ७ बळी घेऊन सामना फिरविला. त्या एका सामन्याने त्यांना इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून मागणी आली. १९२९ ते १९३७ या काळात ते लँकेशायरमधील नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावच्या संघात होते. नऊ हंगामांपैकी सातांत नेल्सनने लीग जिंकली. कसोटी सामने मात्र त्यांना अवघे अठराच मिळाले.

लेखणी : खेळाच्या आडून मांडलेली बाजू

१९३२ मध्ये त्रिनिदादचेच सी. एल. आर. जेम्स नेल्सनला येऊन कॉन्स्टंटाइन यांच्या घरी राहिले. त्यांच्या साहाय्याने ‘क्रिकेट अँड आय’ हे पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट जेम्स यांचे कॅप्टन सिप्रियानी यांच्यावरील पुस्तक छापण्यास कॉन्स्टंटाइन यांनी आर्थिक हातभार लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर क्रिकेटविषयक पुस्तके, वृत्तपत्रीय लेखन आणि प्रसारण हेच त्यांचे उपजीविकेचे साधन झाले. त्यांच्या अनेक पुस्तकांत सहलेखकांचा हात होता हे खरे. पण तेवढ्यावरून त्यांचे लेखकपण नाकारणे अन्यायाचे होईल. लेखणी कोणाचीही असो, तक्रार त्यांची होती.

ती तक्रार मुख्यतः कर्णधारपदाविषयी होती. वेस्ट इंडीज संघात उत्तम खेळाडू कृष्णवर्णीय असले तरी नेतृत्व गोऱ्यांकडे राखलेले असे. १९३५ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील अखेरच्या सामन्यात कर्णधार जॅकी ग्रँट जखमी झाल्यामुळे संघाची सूत्रे कॉन्स्टंटाइन यांच्याकडे आली. इतर वेळी ती येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. हे चित्र मराठी वाचकाला नवे नाही. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू हे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातील भारताचे सर्वांत यशस्वी गोलंदाज. तरीही मुंबईच्या हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. फ्रँक वॉरेल यांच्या रूपाने वेस्ट इंडीजला कायमचा कृष्णवर्णीय कर्णधार मिळण्यास १९६० साल उजाडावे लागले.

इम्पीरियल हॉटेलचा खटला

युद्धकाळात कॉन्स्टंटाइन ब्रिटिश श्रम मंत्रालयात कल्याण अधिकारी होते. लिव्हरपूल परिसरातील कारखान्यांत काम करण्यासाठी आलेल्या वेस्ट इंडियन कामगारांच्या अडचणी सोडविणे हे त्यांचे काम. ऑगस्ट १९४३ मधील लॉर्ड्सवरील सामन्यासाठी त्यांनी लंडनच्या रसेल स्क्वेअरमधील इम्पीरियल हॉटेलात चार रात्रींसाठी खोल्या राखून ठेवल्या व अनामत रक्कमही भरली. ३० जुलै रोजी पत्नी व कन्येसह ते तेथे पोहोचले, तेव्हा एका रात्रीपेक्षा अधिक राहता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. हॉटेलात उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना कृष्णवर्णीयांचा सहवास रुचणार नाही, असे कारण देण्यात आले. सोबत मंत्रालयातील त्यांचे गोरे वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्यासमोर व्यवस्थापनाकडून अपमानास्पद शब्द वापरले गेले. अखेर हे कुटुंब दुसऱ्या हॉटेलात गेले.

कॉन्स्टंटाइन यांनी दावा दाखल केला. सर पॅट्रिक हेस्टिंग्ज आणि तरुण रोझ हाइलब्रॉन यांनी त्यांची बाजू मांडली. जून १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी निकाल दिला. तो कॉन्स्टंटाइन यांच्या बाजूचा होता, मात्र त्याचा आधार बारकाईने पाहावा लागतो. वर्णावरून भेद करणे तेव्हाच्या इंग्लंडमध्ये बेकायदेशीर नव्हते. न्यायालयाने आधार घेतला तो शतकानुशतके चालत आलेल्या एका रूढ नियमाचा : जागा असताना आणि रास्त कारण नसताना धर्मशाळा चालविणाऱ्याने वाटसरूला नाकारू नये. वर्णद्वेष घडला याविषयी न्यायमूर्तींना शंका नव्हती; तरीही त्या द्वेषाला कायद्यात नाव नसल्याने वाटसरूचा हक्क तेवढा मान्य झाला. नुकसानभरपाई नाममात्र, पाच गिनी.

या प्रसंगाशेजारी १९१७ मधील बडोद्याचा प्रसंग ठेवून पाहणे उद्बोधक आहे. परदेशी उच्च शिक्षण घेऊन सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील पारशी धर्मशाळेत उतरले होते. ते अस्पृश्य असल्याचे कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कॉन्स्टंटाइन यांच्यापाशी कीर्ती होती, वरिष्ठ अधिकाऱ्याची साक्ष होती आणि नामवंत वकील होते. बडोद्यात यांपैकी काहीच नव्हते. दाद मागावी असे न्यायालयही नव्हते. आंबेडकर पुढे ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, तिच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांतील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई करण्यात आली. ती २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. कागदावर का होईना, भारताने जे त्या दिवशी केले, ते करण्यास ब्रिटनला आणखी पंधरा वर्षे लागली.

सनद आणि नंतर

खेळ आणि लेखन यांतून सवड काढून कॉन्स्टंटाइन कायद्याचा अभ्यास करीत होते. १९५४ मध्ये मिडल टेंपलने त्यांना बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेतले. त्याच वर्षी त्यांचे ‘कलर बार’ हे पुस्तक प्रकाशित झाले. त्यात क्रिकेटचा आडपडदा नव्हता. ब्रिटनमधील आणि जगातील वर्णभेदाविषयी ते प्रथमच इतक्या उघडपणे बोलत होते. सनद आणि हे पुस्तक एकाच वर्षी यावे, हा योगायोग मानला तरी दोहोंमागील अस्वस्थता एकच होती.

त्यानंतर ते एका तेल कंपनीचे साहाय्यक विधी सल्लागार म्हणून मायदेशी परतले आणि लवकरच राजकारणात ओढले गेले. १९५६ मध्ये निवडून येऊन ते मंत्री झाले. स्वतंत्र त्रिनिदादचे लंडनमधील पहिले उच्चायुक्त म्हणून १९६२ मध्ये त्यांची नेमणूक झाली. १९६३ मध्ये ब्रिस्टल शहरातील बस कंपनी कृष्णवर्णीयांना वाहक-चालक म्हणून घेत नव्हती, म्हणून तेथील रहिवाशांनी बसवर बहिष्कार घातला. उच्चायुक्ताने परक्या देशाच्या अंतर्गत बाबतीत बोलू नये, हा राजनैतिक शिष्टाचार होय. कॉन्स्टंटाइन बोलले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने आपले धोरण सोडल्याचे जाहीर केले. परंतु त्यांच्या सरकारची नाराजी ओढवली आणि १९६४ मध्ये त्यांनी पद सोडले. यानंतर लंडनमध्ये पुन्हा वकिली आणि लेखन सुरू झाले.

ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा १९६५ मध्ये संमत झाला. सार्वजनिक ठिकाणी, अर्थात हॉटेलातही, वर्णावरून प्रवेश नाकारणे त्याने प्रथमच बेकायदेशीर ठरविले. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १९६६ मध्ये नेमलेल्या तीन सदस्यांच्या मंडळात कॉन्स्टंटाइन होते. ज्या गोष्टीला १९४४ च्या न्यायालयात नाव नव्हते, तिच्याविषयीच्या तक्रारी आता त्यांच्यासमोर येऊ लागल्या. परंतु त्यांतील बहुसंख्य तक्रारी नोकरी आणि भाड्याची घरे यांविषयीच्या असत, आणि त्या बाबी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या होत्या. ही उणीव १९६८ च्या कायद्याने काही अंशी भरून काढली. पुढील वर्षी त्यांना लॉर्ड हा किताब मिळाला. त्यात त्यांनी मराव्हल आणि नेल्सन ही दोन्ही नावे गुंफून घेतली. १ जुलै १९७१ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले आणि अंत्यविधी त्रिनिदादमध्ये शासकीय इतमामाने पार पडला.