१७. एपस्टाइन-बार विषाणू

लंडनमध्ये १९६४ साली अँथनी एपस्टाइन, इव्होन बार आणि बर्ट अचाँग यांनी शोधलेला विषाणू. तिसऱ्याचे नाव मात्र मागेच राहिले. हा विषाणू लाळेतून पसरतो, बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि जन्मभर शरीरात दबा धरून बसतो. त्याच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील एका प्रथिनाशी इतका मिळताजुळता असतो, की मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या काही रुग्णांची प्रतिपिंडे दोहोंवर चालून जातात. २०२२ साली १ कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून दिसले, की या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. तरीही लागण झालेल्यांपैकी फारच थोड्यांना तो आजार होतो.