कोर्लईची क्रिओल भाषा : राजसत्ता, समाज आणि भाषेचे टिकणे

प्रस्तावना :

इतिहासात 'असे घडले असते तर' हा प्रश्न कल्पनाविलास म्हणून बहुधा टाळला जातो. तथापि घडलेल्या घटनांची कारणे तपासण्यासाठी तो उपयुक्त ठरतो. लॅटिनपासून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन इत्यादी रोमान्स भाषा निर्माण झाल्या. परंतु उत्तर आफ्रिका व ब्रिटनमधील लॅटिन बोली लुप्त झाल्या. डाल्मेशियन ही रोमान्स भाषा 1898 मध्ये तिचे अखेरचे भाषक तुओने उदाइना यांच्या मृत्यूबरोबर संपली. रोमची सत्ता टिकली असती तर अशा आणखी भाषा आज नांदत असत्या, असा तर्क सहज केला जातो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एका लहानशा भाषेच्या आधारे हा तर्क तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्तर कोकणातील पोर्तुगीज भाषा :

पोर्तुगीजांनी चौल येथे 1521 मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले आणि 1534 मध्ये त्यांना वसई मिळाली. कुंडलिका नदीच्या मुखाजवळील कोर्लईचा डोंगर त्यांनी 1594 मध्ये निजामशाहीकडून जिंकला. या प्रदेशातील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीज शब्दसंग्रहावर आधारलेली क्रिओल, म्हणजे संपर्कातून जन्मलेली मातृभाषा, रूढ झाली. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली व 1740 मध्ये चौल-कोर्लईचा प्रदेशही मराठ्यांकडे आला. मुंबई त्यापूर्वीच, 1665 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेली होती. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1906 मध्ये या 'उत्तरेच्या' बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मुंबई, ठाणे व वसई परिसरातून ती नाहीशी झाली.

मुरूड तालुक्यातील कोर्लई गावात मात्र ती टिकली. भाषक तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', असे म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 च्या ग्रंथात तिचा सविस्तर अभ्यास मांडला. तिचे भाषक हजाराच्या आसपास होते. तिचे मूळ शब्द पोर्तुगीज असले तरी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी 'उ'कारान्त असा स्वतंत्र वर्ग तयार झाला आहे.

सत्ता की समाज? :

सत्तेमुळेच भाषा टिकते, असे मानल्यास कोर्लईचे उदाहरण अनाकलनीय ठरते. तेथील पोर्तुगीज सत्ता 1740 मध्येच संपली. याउलट गोव्यात ती 1510 पासून 1961 पर्यंत होती. कोकणीचा वापर थांबवून पोर्तुगीज रुजविण्याचा हुकूमही 1684 मध्ये निघाला. तरीही बहुजनांची भाषा कोकणीच राहिली.

या फरकाचे कारण समाजरचनेत दिसते. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे धर्मामुळे शेजारच्या हिंदूंपासून आणि जातीमुळे इतर ख्रिस्ती समाजापासून वेगळी राहिली. विवाहसंबंध आणि नित्य व्यवहार मर्यादित वर्तुळात झाल्याने घरातील भाषा पुढच्या पिढीकडे जात राहिली. म्हणजेच जो सामाजिक दुरावा या कुटुंबांना सोसावा लागला, तोच त्यांच्या भाषेचा आधार ठरला. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती समाजाला मात्र मराठी व इंग्रजीचे विस्तृत व्यवहार खुले होते.

परभणीच्या वाचकास हा अनुभव अपरिचित नाही. निजाम राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती; 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तरीही जनाबाईंच्या गंगाखेडच्या या परिसरात शेत, जाते आणि कीर्तन यांची भाषा मराठीच राहिली. 1948 मध्ये निजामाची सत्ता संपली तेव्हा ती नव्याने शिकवावी लागली नाही.

निष्कर्ष :

वसई 1739 मध्ये पडली नसती तर महाराष्ट्रात अधिक रोमान्स भाषा असत्या, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. सत्ता भाषेला दप्तर व शाळा देते, परंतु तिचे आयुष्य घरातच ठरते. आज शिक्षण, रस्ते आणि नोकरी यांमुळे कोर्लईचा दुरावा कमी होत आहे. ही बाब स्वागतार्हच आहे. पण त्यामुळे मराठीचा वापर वाढून 'नो लिंग'चे क्षेत्र आकुंचित होते. दुराव्याने जपलेली ही भाषा आता समानतेतही जपता येईल काय, हा प्रश्न कोर्लईपुरता मर्यादित नाही. तिच्या मराठी शेजाऱ्यांनी तिच्याकडे किती आदराने पाहिले, यावरही त्याचे उत्तर अवलंबून राहील.