एरुथ्रोस: खारदांड्याच्या दर्याचं ग्रीक विशेषण

मुंबईतल्या खारदांड्याच्या होड्या ज्या दर्यात जातात, त्याला आपण अरबी समुद्र म्हणतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इकडे येणाऱ्या ग्रीकभाषक व्यापाऱ्यांच्या लेखी तो ‘एरुथ्रा थालासा’, म्हणजे तांबडा समुद्र होता. ‘पेरिप्लस’ या त्यांच्या मार्गदर्शिकेच्या पूर्ण नावातच हे विशेषण आहे. खारदांड्याच्या उत्तरेचं सोपारा, खाडीतून आत गेल्यावर लागणारं कल्याण आणि दक्षिणेचं चौल ही बंदरं तिच्यात नोंदलेली आहेत.

मूळ रूप ‘एरुथ्रोस’. समुद्र ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून ‘एरुथ्रा’. शब्द फोडला की आत तांबडेपणाचा धातू सापडतो आणि शेवटी विशेषण घडवणारा ‘रो’ हा प्रत्यय. शुक्र, उग्र यांतला ‘र’ तोच. आरंभीचा ‘ए’ मात्र संस्कृतात नाही आणि लॅटिन ‘रुबेर’मध्येही नाही. या तिन्ही भाषांच्या मूळ भाषेतलं एक व्यंजन पुढे लोपलं; ग्रीकने त्याची खूण स्वराच्या रूपात जपली. आपला ‘रुधिर’ हा याच घराण्यातला. वेदकाळी तोही ‘तांबडा’ या अर्थाचं विशेषण होता, रक्त हा अर्थ नंतर रूढ झाला. ‘रोहित’ही याच धातूचा, आणि त्यातूनच रोहू माशाचं नाव आलं. एका ग्रीक विशेषणाचे इतके सगेसोयरे आपल्याच बोलण्यात भेटावेत, याचा मला फार आनंद वाटतो.

या विशेषणाचं वयही थोर. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या, ग्रीसमधल्या मायसीनीच्या मातीच्या पाट्यांवर करडईच्या नोंदी आहेत. त्यांत तांबडी वेगळी, पांढरी वेगळी. तांबडीसाठी शब्द हाच.

समुद्राला तांबडा का म्हटलं? स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने अनेक मतं नोंदवली आहेत: सूर्याची आभा, तापलेले डोंगर, एरुथ्रास नावाचा राजा. राजा तर विशेषणावरूनच रचलेला दिसतो. एरेनबर्ग या जर्मन निसर्गाभ्यासकाने 1823 मध्ये सिनाईच्या किनाऱ्याला सूक्ष्मजीवांमुळे तांबडं झालेलं पाणी पाहिलं आणि 1830 मध्ये त्या जीवाला ‘ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम’ म्हटलं. त्याचे थर अरबी समुद्रातही येतात. पण जुन्या नावात इराणचं आखातही सामावत होतं; अधूनमधून दिसणाऱ्या थरांवरून एवढ्या विस्ताराला नाव पडलं असेल, हे मला पटत नाही.

पुढे हे नाव आक्रसून आफ्रिका आणि अरबस्तानामधल्या चिंचोळ्या पाण्यापुरतं उरलं. इटलीने 1890 मध्ये तिथल्या आपल्या वसाहतीला ‘एरिट्रिया’ म्हटलं ते त्यावरूनच. आपल्या किनाऱ्याकडे विशेषण परतलं ते वनस्पतिशास्त्रातून: निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलणाऱ्या पांगाऱ्याच्या प्रजातीला लिनियसने 1753 मध्ये ‘एरिथ्रिना’ असं नाव दिलं.