गळ्यांत मागें ठेवलेला तुकडा

थायरॉईड ग्रंथीचा एक भाग काढून टाकलेला रोगी आज एकदोन दिवसांत घरीं परततो. घसा दुखतो, आवाज थोडा बसलेला असतो, मान वळवितांना टांके ओढतात. पण जखम लवकरच भरून येते. घरचीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. डॉक्टर मात्र सहाआठ आठवड्यांनीं रक्त तपासण्यास पुन्हा बोलावितात, आणि हें बोलावणें पुष्कळांना उगाचचें वाटतें. त्यामागें एक जुनी व दुःखद हकीकत आहे.

आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत मातींत व पाण्यांत आयोडिन फार थोडें. त्याच्या अभावीं ही ग्रंथि फुगत जाते आणि गळ्याशीं गोळा लोंबूं लागतो. सुश्रुतसंहितेंत ज्याला गलगंड म्हटलें आहे तोच हा विकार. एके काळीं स्वित्झर्लंडांत तो जागोजाग दिसे. गांठ श्वासनलिकेवर दाबूं लागली म्हणजे रोगी गुदमरे. पण तेथें शस्त्र चालविण्यास भलेभले कचरत, कारण या ग्रंथींत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असतें. रक्तस्रावानें, नाहीं तर जखम नासून, पुष्कळ रोगी दगावत.

१८७२ सालीं थिओडोर कोखर हे ऐन तिशींत बर्न येथें प्राध्यापक झाले. जंतुनाशकांचा कटाक्षानें वापर, प्रत्येक रक्तवाहिनीचा आधीं बंदोबस्त, आणि घाई म्हणून नाहीं, अशी त्यांची पद्धति होती. मृत्यूचें प्रमाण आरंभीं शेंकडा तेराच्या आसपास होतें. पुढें तें शेंकडा एकाच्याही खालीं आलें. इतका हात बसल्यावर रोगट ग्रंथि अर्धीमुर्धी मागें कशाला ठेवावी, असें वाटणें साहजिक होतें. ती समूळ काढली म्हणजे गांठ पुन्हा वाढण्याची भीति नको!

१८७४ च्या आरंभीं त्यांनीं अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथि काढली. जखम उत्तम भरली व मुलगी घरीं गेली. कांहीं काळानें डॉक्टर फेचरिन यांच्याकडून कळलें कीं, मुलीचा स्वभाव पार पालटला असून ती मंद झाली आहे. त्या बातमीचा उलगडा तेव्हां झाला नाहीं, आणि वर्षें लोटलीं. सप्टेंबर १८८२ मध्यें जिनीव्हाचे शस्त्रवैद्य रेव्हेर्दें यांची कोखर यांच्याशीं गांठ पडली. ग्रंथि पूर्ण काढलेल्या आपल्या रोग्यांतही असाच पालट दिसतो, असें ते म्हणाले. मग मात्र कोखर यांनीं जुन्या रोग्यांना तपासणीस बोलाविलें.

ग्रंथि संपूर्ण काढलेल्या ३४ पैकीं १८ जण आले. त्यांतील १६ जणांची अवस्था शोचनीय होती. हातपाय जड, तोंड सुजलेलें, केस विरळ, त्वचा कोरडी, बोलणें संथ. थंडी तर सोसवतच नसे. ती मुलगी आणि तिची धाकटी बहीण पूर्वीं इतक्या सारख्या दिसत कीं, ओळखतांना लोकांची गफलत होई. आतां धाकटी भरल्या अंगाची तरुणी झाली होती. थोरली बुटकी आणि मंदबुद्धि राहिली होती. ज्यांची ग्रंथि थोडी तरी मागें ठेवली होती ते रोगी मात्र धडधाकट होते.

एप्रिल १८८३ मध्यें बर्लिनला जमलेल्या शस्त्रवैद्यांपुढें कोखर यांनीं हा सारा हिशेब स्वतः मांडला. स्वतःच्या हातून झालेलें नुकसान आंकड्यांनिशीं सांगणें सोपें नसतें. कारण सांगतांना मात्र ते चुकले. श्वासनलिकेला इजा झाल्यामुळें असें होत असावें, अशी त्यांची समजूत होती. दोष ग्रंथीच्याच अभावाचा आहे, हें फेलिक्स सेमन यांनीं त्याच वर्षीं लंडनमध्यें सुचविलें आणि १८८८ मध्यें तेथील समितीनें मान्य केलें. व्हिएन्नाच्या बिलरोट यांचें काम घाईचें. त्यांच्या हातून ग्रंथीचे तुकडे मागें राहून जात, म्हणून त्यांच्या रोग्यांत ही व्याधि क्वचितच आढळे, असें अमेरिकन शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यांनीं पुढें नमूद केलें. कोखर यांची सफाईच रोग्यांना भोवली होती. त्यानंतर साध्या गलगंडासाठीं संपूर्ण ग्रंथि काढणें त्यांनीं सोडून दिलें. १९०९ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें तें याच ग्रंथीवरील कार्यासाठीं.

मागें ठेवलेला हा तुकडा करतो काय? रक्तांतील थायरॉक्सिन कमी पडूं लागलें कीं मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युटरी ग्रंथि त्याला अधिक चेतना देते, आणि तो दुपटीनें राबूं लागतो. अर्धी ग्रंथि काढलेल्या पांचांपैकीं सुमारे चौघांचें त्यावर भागतें. पांचव्याला गोळी घ्यावी लागते. रक्तांतलें जुनें थायरॉक्सिन निम्में होण्यासच आठवडाभर लागतो. म्हणून थकवा, थंडी, बद्धकोष्ठ यांची चाहूल जखम भरल्यानंतर लागते, आणि रोगी वयाला किंवा हवेला दोष देतो. डॉक्टरांचें तें बोलावणें याचसाठीं.

ग्रंथीचें काम मुळींच न उरलेल्यांचा प्रश्न १८९१ मध्यें न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनीं सोडविला. ग्रंथि आपोआप निकामी झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला त्यांनीं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोंचला. पुढें तोच अर्क पोटांतून देतां येऊं लागला. त्या बाईसाठीं आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या, आणि ती १९१९ पर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली.