नकाशाआधी जमीन : झाकीर हुसेन समिती आणि प्राथमिक शाळेतील भूगोल

महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला नकाशावर कृष्णा नदी दाखवता येते. पण आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो, हे त्याला सांगता येत नाही. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. या उणिवेचे मूळ प्राथमिक शाळेत आहे. त्यावरचा एक उपाय १९३७ सालीच सुचवला गेला होता, याचे स्मरण करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकीर हुसेन होते. ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा भावे आणि काकासाहेब कालेलकर हे तिचे सदस्य होते. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात भूगोल हा स्वतंत्र विषय नव्हता. इतिहास व नागरिकशास्त्राबरोबर तो 'सामाजिक अभ्यासा'त गुंफलेला होता. सूर्याची दिशा व उंची पाहणे, पावसाची नोंद ठेवणे, आपल्या परिसराचा आराखडा काढणे, स्थानिक शेती व उद्योग समजून घेणे, अशी कामे त्यात होती. नकाशावाचनाला त्यात महत्त्वाचे स्थान होते. मात्र पायाखालची जमीन ओळखीची झाली की नकाशातील खुणांना अर्थ येतो, ही दृष्टी त्यामागे होती. सूत कातणाऱ्या मुलाला कापूस कोठे व का पिकतो, हा प्रश्न आपोआप पडतो.

पुढे या योजनेची चर्चा मुख्यतः हस्तोद्योग आणि स्वावलंबी शाळा यांभोवतीच फिरत राहिली. आर्थिक बाजूवर अतिरिक्त भर देऊन शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाऊ नये, असा इशारा समितीने स्वतःच दिला होता. त्याकडे दुर्लक्ष झाले आणि भूगोलाची ही बाजू झाकोळली.

सीमाभागातील आपल्या शाळांना हा विचार विशेष उपयोगी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. राज्याचा नकाशा बदलला, पण नद्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. खानापूर तालुक्यात उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातील म्हादई पश्चिमेकडे गोव्यात जाते आणि मांडवी या नावाने अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना का जाते, हा प्रश्न चौथीच्या मुलालाही समजतो. मराठी, उर्दू वा कन्नड, कोणत्याही माध्यमात त्याचे उत्तर एकच आहे, आणि ते सह्याद्रीच्या उतारात दडलेले आहे.

उर्दूतला 'नक्शा' आणि मराठीतला 'नकाशा' हा मुळात एकच शब्द आहे. शिक्षक घडविणाऱ्या आपल्या संस्थांनी दोन्ही माध्यमांच्या छात्राध्यापकांकडून एकत्रितपणे शाळेच्या परिसराचा एक आराखडा करून घ्यावा. त्याला साहित्याचा खर्च नाही. लागतो तो एक दिवस आणि पायी चालण्याची तयारी.